मोबाइलला जोडायचा स्वस्त 'डिजिटल रेडिओ' डोंगल: इंटरनेटशिवाय नाशिकचं एफएम ऐकू येतं का?

नेटवर्क गेलं की मोबाइलमधलं रेडिओचं ॲपही गप्प होतं. कारण ॲपमधला आवाज रेडिओ लहरींतून नाही, तर इंटरनेटवरून येतो. मग पूर, वीज गेलेली रात्र किंवा २०२७ च्या सिंहस्थातली तुडुंब गर्दी अशा वेळी फोनवर रेडिओ ऐकायचा कसा?

ऑनलाइन बाजारात त्यासाठी पेनड्राइव्हएवढा एक डोंगल मिळतो. साधारण दोन-चार हजारांत 'डिजिटल रेडिओ' किंवा 'एसडीआर' या नावाने तो विकला जातो. आम्ही तो नाशिकमध्ये अँड्रॉइड फोनला लावून पाहिला.

हा डोंगल नेमका काय आहे?

मुळात हा लॅपटॉपवर टीव्ही पाहण्यासाठी बनलेला डोंगल. त्यात तैवानच्या रिअलटेक कंपनीची 'आरटीएल२८३२यू' ही चिप असते. ही चिप टीव्हीच्या चित्राऐवजी हवेतल्या लहरींची कच्ची आकडेवारीही देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी प्रोग्रॅमर्सच्या लक्षात आलं. तेव्हापासून जगभरात तो 'आरटीएल-एसडीआर' म्हणून ओळखला जातो.

एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ. साध्या रेडिओत स्टेशन वेगळं काढून आवाज देण्याचं काम सर्किट करतं. इथे डोंगल फक्त लहरींचे आकडे करून देतो आणि त्यातून आवाज काढण्याचं काम फोनमधलं ॲप करतं. नेहमीच्या 'आर८२०टी' ट्यूनरच्या डोंगलची मर्यादा साधारण २४ ते १,७६६ मेगाहर्ट्झ असते. आपलं एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतं, म्हणजे ते त्यात सहज बसतं.

फोनला लावायचा कसा?

१. डोंगल आणि फोन यांच्यामध्ये ओटीजी केबल लागते. काही फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ओटीजी चालू करावं लागतं.

२. डोंगलचं ड्रायव्हर ॲप आणि 'एसडीआर टच' किंवा 'आरएफ ॲनालायझर'सारखं एखादं ॲप घ्या. हे काम नेट असतानाच उरका. नेट गेल्यावर ॲप उतरवता येणार नाही.

३. यूएसबीची परवानगी द्या, 'वाइड एफएम' निवडा आणि फ्रिक्वेन्सी टाका.

अँटेना कमी लेखू नका. १०१.४ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण २.९६ मीटर असते. तिचा पाव भाग, म्हणजे सुमारे ७४ सेंटिमीटरची अँटेना एफएमसाठी चांगली. सोबत येणारी छोटी अँटेना घरात आतल्या बाजूला खरखर देते. तीच खिडकीत ठेवली की फरक लगेच कळतो.

नाशिकमध्ये काय ऐकू आलं?

१०१.४ वर आकाशवाणी नाशिक, ९८.३ वर मिर्ची आणि ९०.८ वर रेडिओ विश्वास हे कम्युनिटी रेडिओ केंद्र. फोन फ्लाइट मोडवर असतानाही आवाज येत राहिला. स्क्रीनवर एका वेळी साधारण २ मेगाहर्ट्झचा पट्टा दिसतो आणि त्यात चालू स्टेशनच्या जागी उंचवटा उभा राहतो. स्टेशन आधी डोळ्यांना दिसतं, मग कानाला ऐकू येतं, ही यातली खरी गंमत.

त्रासही आहे. डोंगल फोनच्याच बॅटरीवर चालतो, त्यामुळे चार्ज भराभर उतरतो. थोड्या वेळाने डोंगल चांगलाच गरम होतो. आणि ओटीजीने चार्जिंगची जागा अडवलेली असते.

'डिजिटल' शब्दाने फसू नका

डोंगल डिजिटल असला तरी वरची स्टेशनं नेहमीचं ॲनालॉग एफएमच पाठवतात. त्यामुळे आवाज सीडीसारखा स्वच्छ होईल ही अपेक्षा नको. आकाशवाणीचं 'डीआरएम' हे डिजिटल प्रसारण प्रामुख्याने मध्यम लहरींवर आहे आणि त्या लहरी या डोंगलच्या नेहमीच्या मर्यादेच्या खाली येतात. दूरदर्शनची 'डीव्हीबी-टी२' वाहिनीही या चिपवर दिसत नाही, कारण ती जुन्या डीव्हीबी-टी पद्धतीसाठी बनलेली आहे.

पैसे घालवण्याआधी फोन तपासा

अनेक फोनमध्ये एफएमची सोय आधीच असते. तारेचा इअरफोन लावा आणि 'एफएम रेडिओ' ॲप शोधा. इअरफोनची तारच अँटेनाचं काम करते. ही सोय असलेल्या फोनमध्ये ती बंद ठेवू नये, अशी सूचना केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल उद्योगाला केली होती. आपत्तीच्या वेळी रेडिओ उपयोगी पडतो, हे त्यामागचं एक कारण होतं.

त्याचा अनुभव नाशिकने घेतला आहे. कोरोनाकाळात शाळा ऑनलाइन गेल्या, पण अनेक घरांत स्मार्टफोन नव्हता. जून २०२० पासून रेडिओ विश्वासने 'शिक्षण सर्वांसाठी' या उपक्रमातून जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांतल्या तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी धडे प्रसारित केले. त्यासाठी ना डेटा पॅक लागला, ना महागडा फोन.

कायदा काय सांगतो?

एकेकाळी घरातल्या रेडिओलाही पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं. ते १९८० च्या दशकात गेलं. पण डोंगलची झेप एफएमच्या बरीच पुढे जाते, म्हणून इथे सावध राहायला हवं.

रेडिओ उपकरण बाळगायला केंद्र सरकारची परवानगी हवी, अशी तरतूद दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ३ मध्ये आहे. कुणाला सूट द्यायची, हेही सरकारच ठरवतं. बेकायदा संदेश टिपल्यास कलम ४२ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मंजुरीची माहिती न देता वॉकी-टॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा पाठवल्या होत्या. त्यामुळे विक्रेत्याकडून मंजुरीची माहिती आणि पक्कं बिल घ्या.

देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, ओझरला हवाई दलाचा तळ आणि एचएएल आहे. अशा जिल्ह्यात 'पलीकडे काय चाललंय बघू' म्हणून पोलीस, लष्कर किंवा विमानांच्या फ्रिक्वेन्सीवर जाऊ नका. तसं ऐकलेलं रील बनवून टाकणं तर मुळीच नको.

मग घ्यावा का?

- फक्त गाणी-बातम्या ऐकायच्या असतील तर: नको. फोनमधलं एफएम वापरा.
- आपत्तीच्या तयारीसाठी: काही शे रुपयांचा, सेलवर चालणारा साधा रेडिओ जास्त भरवशाचा. तो तुमच्या फोनची बॅटरी खात नाही.
- इलेक्ट्रॉनिक्स शिकत असाल तर: कायद्याची बाजू तपासून जरूर घ्या. पुस्तकातली फ्रिक्वेन्सी समोर बघायला याहून स्वस्त साधन मिळणं अवघड आहे.
- आयफोन असेल तर: थांबा. या डोंगलची थेट जोडणारी ॲप अँड्रॉइडसाठी आहेत.