वाऱ्याची वाट: टेबलावरच्या संगणकातल्या पंख्यांचा इतिहास

१२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. त्याचा प्रोसेसर कुठला, त्याची प्रणाली कुणी पुरवली, त्यातून कोण श्रीमंत झालं, यावर पुस्तकांची कपाटं भरली आहेत. त्याच्या पाठीमागे एक पंखा होता, त्याच्याबद्दल मात्र क्वचितच कुणी लिहितं. हा पंखा प्रोसेसरसाठी नव्हताच. तो वीजपुरवठ्याच्या डब्यात, म्हणजे आपल्याकडे ज्याला एसएमपीएस म्हणतात त्यात, बसवलेला होता. स्वतःचा डबा थंड ठेवता ठेवता तो कॅबिनेटमधली गरम हवा ओढून मागे टाकत असे. सगळा वीजपुरवठाच ६३.५ वॉटचा. एका बऱ्यापैकी बल्बाइतकी उष्णता आणि तिच्यासाठी एक पंखा. भागत होतं.

माझी पदवी वाणिज्य शाखेची. इलेक्ट्रॉनिक्स शिकलो ते उघड्या यंत्रांवरून आणि कंपन्यांच्या तांत्रिक पुस्तिकांवरून. गेली बावीस वर्षं संगणकदुरुस्तीवर घर चालतं आणि उरलेल्या वेळात अशा पुस्तिका जमवणं हा माझा छंद आहे. त्या वाचताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. यंत्राने खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते; ती कुणाला तरी सोसावी लागते. पंखे किती, कुठे आणि कुठल्या दिशेने बसवायचे, हे ठरवताना प्रत्येक पिढीच्या अभियंत्यांनी खरं तर हेच ठरवलं, की हा भार कुणावर टाकायचा.

खोली हीच पेटी

सुरुवातीला तो भार इमारतीवर होता. १९४६ साली फिलाडेल्फियात जगापुढे आलेल्या ‘एनिअ‍ॅक’मध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॉट वीज खात असे. त्याच्या कपाटांतून ब्लोअरने हवा खेळवावी लागे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ज्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं त्या संगणकात सुमारे २,७०० नळ्या होत्या. प्रत्येक नळीत तापलेली तार. म्हणजे यंत्र चालू ठेवणं हेच मुळी शेगडी चालू ठेवणं होतं.

या काळात संगणकाला स्वतंत्र खोली लागे आणि ती खोलीच थंड केली जाई. ही सवय आपल्याकडे फार उशिरापर्यंत टिकली. नव्वदच्या दशकात ज्यांनी संगणकाचा क्लास लावला असेल, त्यांना दाराबाहेर काढलेल्या चपलांची रांग आणि आतली वातानुकूलित गारठलेली हवा आठवत असेल.

आयबीएमच्या यंत्राने ही खोली काढून टाकली. यंत्र साध्या टेबलावर आलं, पण खोलीविषयीची अपेक्षा पुस्तिकेत राहिली. चालू असताना भोवतालची हवा १५.६ ते ३२.२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावी, असं तिच्यात नोंदलेलं आहे. फॅरनहाइटमध्ये हे ६० ते ९० होतं. अमेरिकी कार्यालयात ९० म्हणजे भलताच उन्हाळा. आपल्याकडे ३२ अंश म्हणजे मार्चमधली सकाळ. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

आवाजाचा तिटकारा

त्याच काळात अ‍ॅपलमध्ये उलट विचार चालू होता. स्टीव्ह जॉब्झना पंख्याचा आवाज नको होता. १९७७ च्या ‘अ‍ॅपल टू’साठी रॉड होल्ट यांनी स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा तयार केला. तो कमी तापत असल्याने पंख्याशिवाय निभावलं. पण लोक त्यात जास्तीची कार्डं खोचू लागले, आतली हवा तापू लागली आणि यंत्राच्या कुशीला अडकवायचे पंखे इतर कंपन्या विकू लागल्या.

१९८० च्या ‘अ‍ॅपल थ्री’त हा हट्ट महागात पडला. पंखा नाही म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव बुडातून उष्णता बाहेर जाईल, अशी योजना होती. यंत्रं बिघडू लागली, चिप्स आपल्या खोबणीतून सैल होऊन वर येऊ लागल्या. त्यावर यंत्र टेबलावरून काही इंच उचलावं आणि सोडून द्यावं, म्हणजे चिप्स पुन्हा जागेवर बसतील, असा सल्ला ग्राहकांना दिला गेला. पहिली सुमारे १४,००० यंत्रं कंपनीला बदलून द्यावी लागली. १९८४ चा मॅकिंतॉशही बिनपंख्याचाच होता. १९८७ च्या ‘मॅकिंतॉश एसई’मध्ये पंखा आला, तेव्हा जॉब्झ कंपनीत नव्हते.

जॉब्झ यांची मागणी खुळचट होती, असं मी म्हणणार नाही. दिवसभर कानाशी घरघर ऐकणाऱ्याला शांततेची किंमत कळते. फक्त शांततेचा तो भार चिपच्या खोबणीने सोसला आणि पैसे ग्राहकाने मोजले.

दिशा उलटली, पुन्हा सुलटली

१९९३ साली पेंटियम आला आणि प्रोसेसर स्वतःच चटका देऊ लागला. त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांची हीट सिंक आणि तिच्यावर चिमुकला पंखा, हे दृश्य तेव्हापासून नेहमीचं झालं. हे छोटे पंखे कर्कश वाजत आणि लवकर झिजत.

१९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ हा आराखडा जाहीर केला. आजही बहुतेक असेंबल्ड संगणक याच आराखड्याचे वंशज आहेत. त्यात प्रोसेसरची जागा एसएमपीएसच्या शेजारी आणली होती. मूळ कल्पना अशी: एसएमपीएसच्या पंख्याने हवा बाहेर न टाकता बाहेरून आत घ्यायची आणि थेट प्रोसेसरवर सोडायची. म्हणजे प्रोसेसरचा वेगळा पंखा वाचेल. शिवाय आत थोडा जास्त दाब राहील, हवा फटीफटींतून बाहेरच जाईल आणि धूळ शिरणार नाही.

कागदावर हे देखणं होतं. पण बाहेरची हवा आधी एसएमपीएसमधून जाई, तिथली उष्णता घेई आणि मग प्रोसेसरवर पडे. प्रोसेसर जसजसे अधिक वीज खाऊ लागले तसतशी ही ऊन हवा पुरेनाशी झाली. आराखड्याच्या पुढच्या आवृत्तीत एसएमपीएसचा पंखा पुन्हा बाहेर फेकणारा झाला. एका पंख्याचे पैसे वाचवायला निघालेल्या योजनेचा शेवट जास्त पंखे लावण्यात झाला: पुढून आत ओढणारा एक, मागून बाहेर फेकणारा एक, प्रोसेसरवर एक. आणि दाबाबरोबर धुळीचा विचारही मागे पडला.

२००४ साली हा प्रश्न टोकाला गेला. ‘प्रेस्कॉट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेंटियम ४ ची उष्णता १०० वॉटच्या पुढे गेली. इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी २००१ मध्येच एका परिषदेत इशारा दिला होता, की याच वेगाने गेलो तर चिपच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधली उष्णता अणुभट्टीच्या पंक्तीला जाऊन बसेल. या काळात कॅबिनेटच्या कुशीला भोक पाडून प्रोसेसरपर्यंत हवेची नळी नेण्याची शिफारस इंटेलने केली. हिशेब असा होता, की खोली ३५ अंशांवर असताना प्रोसेसरच्या पंख्याला ३८ अंशांपेक्षा गरम हवा मिळू नये.

पुढचं पाऊल ‘बीटीएक्स’. या आराखड्यात प्रोसेसर कॅबिनेटच्या तोंडाशी आणला, समोर मोठा पंखा ठेवला आणि हवा नाकासमोर सरळ चालावी तशी पुढून मागे नेली. वाटेत ग्राफिक्स कार्डलाही झोत मिळे. औष्णिक विचार म्हणून तो एटीएक्सपेक्षा सरस होता, असं माझं मत आहे. पण कॅबिनेट, मदरबोर्ड, हीट सिंक, सगळंच नव्याने घ्यावं लागणार होतं. दरम्यान, मे २००४ मध्ये इंटेलने पेंटियम ४ चा पुढचा तापट वारस रद्द केला आणि कमी वेगाच्या, पण जोडगाभ्याच्या प्रोसेसरकडे मोर्चा वळवला. २००६ चा ‘कोअर टू ड्युओ’ ६५ वॉटमध्ये भागवू लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीटीएक्स गुंडाळल्याचं जाहीर झालं. चिपनेच आपला भार थोडा उचलला आणि नव्या वाटेची निकड संपली.

गणित काय सांगतं

आता थोडा हिशेब. एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो, आणि एक किलो हवा एका अंशाने तापायला सुमारे १,००० जूल लागतात. यंत्र ३०० वॉट खात असेल आणि आत शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेत १० अंशांचा फरक चालणार असेल, तर सेकंदाला २५ लिटर हवा पुरते. फरक पाच अंशांवर आणायचा तर ५० लिटर लागते. त्याच पंख्याची गती दुप्पट करून हे साधायचं तर पंख्याची वीज आठपट होते. म्हणून चार लहान, किंचाळणाऱ्या पंख्यांपेक्षा दोन मोठे, संथ पंखे बरे.

‘गरम हवा वर जाते’ हे शाळेतलं वाक्य कॅबिनेटमध्ये फार कामाचं नाही. अर्धा मीटर उंचीच्या पेटीत १० अंशांच्या फरकाने जो दाब तयार होतो, तो एक पास्कलच्या पाचव्या हिश्शाइतका. साधा १२० मिलिमीटरचा पंखा सहज दहा पास्कल किंवा अधिक दाब देतो. म्हणजे पंखा सांगेल तिकडे हवा जाते. आपण त्याला एकच सलग वाट द्यायची: पुढून व खालून आत, मागून व वरून बाहेर. वरच्या बाजूला अगदी पुढे बाहेर फेकणारा पंखा लावला, तर आत आलेली ताजी हवा प्रोसेसरला भेटण्याआधीच निसटते. आत घेणारे पंखे थोडे वरचढ ठेवले आणि त्यांच्यापुढे जाळी लावली, तर धूळ जाळीवर थांबते. एटीएक्सच्या पहिल्या आवृत्तीतला अर्धा विचार असा बरोबर होता.

आपली खोली

हे सगळं मान्य केलं तरी एक गोष्ट उरते. पंखा थंड करत नाही. तो खोलीतली हवा आत आणतो. खोलीपेक्षा थंड हवा कुठलाही पंखा देऊ शकत नाही. आयबीएमने खोली ३२.२ अंशांची धरली, इंटेलने ३५ ची. चंद्रपूर–नागपूरकडे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या दुकानात यंत्राची सुरुवातच तिथून होते, जिथे आराखड्याची अपेक्षा संपते.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत गेलो होतो. उन्हाळ्यात दुपारी दोननंतर तिथले संगणक आपोआप बंद पडत. ज्यांनी यंत्रं पुरवली होती त्यांनी विजेच्या दाबाला दोष देऊन स्टॅबिलायझर विकले होते. दुपारी यंत्र बंद म्हणजे पासबुक बंद, आणि पाच-सात किलोमीटरवरून एसटीने आलेली माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार, तीही मजुरी बुडवून. कॅबिनेट पाहिली तर लाकडी कॉम्प्युटर टेबलाच्या खणात कोंबलेली, पाठ फळीला टेकलेली. पंखे व्यवस्थित फिरत होते. फेकलेली हवा फळीवर आपटून पुन्हा पुढून आत येत होती. सुताराला बोलावून मागच्या फळ्या कापल्या, ब्लोअरने धूळ काढली, पुढच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचे तुकडे लावले. नवा पंखा एकही घेतला नाही. तो उन्हाळा यंत्रं दुपारीही चालली.

असा खणाचा टेबल कुठल्याच आराखड्यात गृहीत धरलेला नव्हता. कॅबिनेटची कूस काढून शेजारी टेबलफॅन लावणारे सायबर कॅफेवाले, कूलरच्या झोतापासून जरा तिरकं यंत्र ठेवणारे विदर्भातले झेरॉक्सवाले, दर दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारून देणारी पोरं, यांनी गेली तीस वर्षं परक्या हवेसाठी आखलेली यंत्रं इथल्या हवेत चालवली. कंपन्यांच्या पुस्तिकांत एटीएक्स आणि बीटीएक्सच्या आवृत्त्या तारीखवार सापडतात. या लोकांच्या युक्त्या त्यांच्या हातांतच आहेत, आणि त्यातले बरेच आता मोबाइलदुरुस्तीकडे वळले आहेत. माझ्या वहीत मी अशा युक्त्या गावाच्या आणि महिन्याच्या नोंदीसह लिहायला सुरुवात केली आहे. सोबत खोलीचं तापमानही लिहितो. आजवरची सगळ्यात मोठी नोंद दुपारी तीनची, ४३ अंश. पंखे दोन, फळी कापलेली, यंत्र चालू.