सांध्यात डोकावणारी दुर्बीण

“गुडघ्याचं दुर्बिणीनं ऑपरेशन झालं” हे वाक्य आता खेड्यापाड्यांतही ऐकू येते. खुब्याच्या बाबतीत मात्र ते क्वचितच कानी पडते. त्याचे कारण जुने आहे, आणि ते सांगण्याजोगे आहे.

खुब्याचा सांधा म्हणजे उखळ आणि त्यात घट्ट बसलेला गोळा. उखळ कटीच्या हाडाचे, गोळा मांडीच्या हाडाचा. उखळाच्या काठाला चिवट कूर्चेची एक कडी असते. डब्याच्या झाकणाला रबर असते ना, तशीच. ती गोळ्याला धरून ठेवते आणि आतले वंगण आतच राखते. ही कडी फाटली की जांघेत कळ येते, सांधा अडकल्यासारखा वाटतो, उकिडवे बसणे नको होते.

सांध्यात नळी घालून पाहण्याची कल्पना 1912 साली डेन्मार्कच्या नॉर्डेन्टॉफ्ट यांनी बर्लिनच्या परिषदेत मांडली. 1918 साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची नळी घेतली आणि एका शवाच्या गुडघ्यात घातली. हा खटाटोप कशासाठी? क्षयाने गुडघे आखडत होते, आणि जपानी माणूस जमिनीवर बसणारा. गुडघा ताठला म्हणजे त्याचे घरात बसणेउठणेच खुंटले. जमिनीवर पंगत मांडणाऱ्या आपल्याला हे दुःख समजावून सांगायला नको!

पुढे न्यूयॉर्कचे मायकेल बर्मन. शवांचे निरनिराळे सांधे त्यांनी नळीने पाहिले आणि 1931 साली लिहून ठेवले, की खुब्यात गोळा आणि उखळ यांच्यामध्ये सुई शिरवणे उघडच अशक्य आहे. गोळ्याची बाहेरची बाजू दिसे, आतली नाही. मला वाटते, त्यात त्यांचे चुकले नव्हते. त्यांनी पाहिले तेच लिहिले. ताकागींनी 1939 साली काही थोड्या रुग्णांच्या खुब्याची तपासणी नोंदवली खरी, पण पुढे कितीतरी वर्षे सारा भर गुडघ्यावरच राहिला. ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी 1962 साली गुडघ्यातली फाटलेली कूर्चा दुर्बिणीतून पाहत कापून काढली.

खुब्याचे कोडे सुटले ते ओढण्याने. रुग्णाला भूल देऊन पाऊल बांधायचे आणि पाय खाली ताणायचा. 1986 साली स्वीडनच्या एरिक्सन यांनी हा ताण मोजला. भुलेखाली तो 30 ते 50 किलो वजनाएवढा भरला. एवढ्याने जेमतेम बोटभर फट पडते, आणि तेवढी पुरते. 1987 साली अमेरिकेच्या ग्लिक यांनी रुग्णाला कुशीवर निजवून नळी घालण्याची रीत प्रसिद्ध केली. अर्थात ताण फुकट मिळत नाही. फार वेळ ओढले तर शिरा दुखावतात, बधिरपणा येतो. म्हणून घड्याळाकडे एक डोळा ठेवूनच हे काम चालते.

पण कडी फाटते का? रहाटाची दोर घासून तुटली तर शहाणा माणूस नुसती दोर बदलत नाही, कुठे घासते ते आधी पाहतो. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरचे राइनहोल्ड गांझ आणि त्यांचे सहकारी यांनी 2003 साली हेच दाखवले. कुणाचा गोळा पुरता गोल नसतो, कुणाच्या उखळाचा काठ जास्त पुढे आलेला असतो. पाय दुमडला की हाडावर हाड आदळते आणि मधली कडी चेंगरते. तेव्हापासून हाडाचा उंचवटा तासण्याला महत्त्व आले. फाटका तुकडा पूर्वी कापून टाकत, आता शक्य असेल तेथे हाडात बारीक खुंटी रोवून तो दोऱ्याने परत काठाला बांधतात. कातडीवर राहतात दोन-तीन लहान छिद्रे.

मग ज्याची कडी फाटली त्याने टेबलावर निजावे काय? थांबा. खुबा मुळीच दुखत नाही अशा कित्येकांच्या चित्रातही फाटलेली कडी दिसते. सांधा झिजून गेला असेल तर या शस्त्रक्रियेचा फारसा उपयोग नाही. ब्रिटनमध्ये असे हाडावर हाड आदळणारे 348 रुग्ण घेऊन दोन गट केले. एकाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला जाणकाराच्या देखरेखीखाली व्यायाम. 2018 साली निष्कर्ष छापला गेला: वर्षभराने दोन्ही गट सुधारले होते, शस्त्रक्रियेचा थोडा अधिक.