दत्तविधानातील दात्री

दत्तकाच्या इतिहासाचे विवेचन बहुधा घेणाऱ्याच्या बाजूने झालेले आढळते. वंश, पिंडदान व वारसा हे त्यातील मुख्य प्रश्न होत. देणाऱ्या मातेचा विचार क्वचितच होतो.

वसिष्ठ धर्मसूत्राने पुत्रदानाचा अधिकार मातापिता दोघांस दिला. परंतु पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ नये, असेही सांगितले. वैधव्यात माता होणाऱ्या स्त्रीपुढील प्रश्न याहून बिकट होता. लोकलज्जेपायी बालहत्या घडत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. विधवेने तेथे गुप्तपणे प्रसूत व्हावे, आणि मूल न्यावे की ठेवावे हे तिनेच ठरवावे, अशी व्यवस्था होती. काशीबाई या विधवेचा तेथे जन्मलेला पुत्र यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मातेची संमती सामान्यतः आवश्यक ठरविली. तथापि पिता हयात असता देण्याचा अधिकार त्याचाच राहिला. मातेस समान अधिकार २०१० च्या दुरुस्तीने मिळाला. २०१५ च्या बालन्याय कायद्याने, मूल बालकल्याण समितीपुढे सुपूर्द करणाऱ्या मातापित्यांस फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

अधिकार, संमती आणि मुदत ही कायद्याने देता येतात. परंतु मूल जवळ ठेवण्याची वाटच ज्या मातेस समाजाने मोकळी ठेवली नाही, तिचे दान स्वेच्छेचे म्हणावे काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने प्रत्येक दत्तकपत्र वाचताना स्वतःस विचारला पाहिजे.