विजेची मोलकरीण

माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. जुनी मासिके चाळताना लेखाआधी जाहिराती वाचायची मला खोड आहे. मालक कामगाराला काय सांगतो ते जन्मभर ऐकले. दुकानदार गिऱ्हाइकाला काय सांगतो, तेही ऐकण्याजोगे असते.

विजेची इस्त्री, शेगडी, धुण्याचे यंत्र ही इंग्लंड-अमेरिकेत प्रथम बाजारात आली, तेव्हा जाहिराती त्यांना सर्रास 'नोकर' म्हणत. न थकणारा, न कुरकुरणारा नोकर! युनियनच्या माणसाचे कान टवकारले तर नवल नाही. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकने तर मजुरीचाच हिशेब मांडला: छोटी मोटर करील ते काम हाताने करणारी बाई तासाला तीन सेंटांवर राबते आहे. माल खपवण्यासाठीच तो हिशेब होता, हे उघड आहे; पण त्यात गृहिणीच्या श्रमाला दर लावलेला होता.

आपल्याकडे हे गणित बसेना. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ ची, टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ चे. म्हणजे मुंबईत वीज होती, जाहिरातीही होत्या. डग्लस हेन्स या इतिहासकाराने २०२२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे, की त्यांचा रोख बहुतांशी युरोपियनांवर आणि मूठभर श्रीमंतांवर होता. मध्यमवर्ग दिवा आणि पंखा यांपुढे फारसा गेला नाही. वीज महाग, मोलकरीण स्वस्त. आणि घरच्या बाईचे श्रम? ते हिशेबात शून्य. शून्यातून बचत दाखवणार कशी?

कामगाराला मात्र वीज जाहिरातीवाचूनच भेटली. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि अंधार पडल्यावर सुटणारा माणूस चौदा-पंधरा तास यंत्रापाशी अडकला. ओरड झाली, चौकश्या झाल्या, तेव्हा कुठे १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. बारा!

आता आपल्या कोल्हापुरात या. येथल्या बायकांच्या हातचे जाते कोणत्या जाहिरातीने सोडवले? कोणत्याच नाही. ते सोडवले गल्लीच्या तोंडावरच्या पिठाच्या गिरणीने आणि चटणी कुटायच्या डंकाने. घरागणिक यंत्र नव्हे, गल्लीला मिळून एक. माझी आई डोक्यावर डबा घेऊन नंबर लावायची. तास-दीड तास जाई, पण तेवढाच वेळ तिला शेजारणींशी बोलायला मिळे. घरचे जाते पुढे लग्नातल्या हळदीपुरते उरले.

धुण्याचे यंत्र आपल्या मध्यमवर्गीय घरांत फार उशिरा आले, आणि आले ते मोलकरीण असलेल्याच घरांत. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याच्या नोंदणीचे अर्ज भरून देताना धुणेभांडी करणाऱ्या एका बाईंनी मला आपली कथा सांगितली. मालकिणीने मशीन आणले आणि धुण्याचे पैसे कापले. कपडे भिजवणे, कॉलर घासणे, पिळे सोडवून दोरीवर टाकणे, घड्या घालणे तसेच चालू. "मशीन धुतंय न्हवं," त्या म्हणाल्या, "पर वाळत कोण घालतंय, दादा?"