थ्रेड : जे ऑलिम्पिक भरले तेव्हा ऑलिम्पिक नव्हते

पहिले हिवाळी ऑलिम्पिक १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे झाले, असे कोणतेही सामान्यज्ञानाचे पुस्तक सांगते. मात्र तेथे उतरलेल्या १६ देशांच्या खेळाडूंना आपण ‘हिवाळी ऑलिम्पिक’ खेळत आहोत याची कल्पना नव्हती. सोहळ्याचे नाव होते ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’. (सप्ताह नावापुरताच, तो २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी चालला!)

इतके जपून नाव ठेवण्याचे कारण स्कँडिनेव्हियात सापडते. १९०१ पासून स्टॉकहोममध्ये ‘नॉर्डिक क्रीडास्पर्धा’ भरत होत्या. त्यांचे प्रवर्तक व्हिक्टर बाल्क हे स्वीडिश लष्करी अधिकारी आणि गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे संस्थापक सदस्यही! बर्फावरील खेळ हा उत्तरेकडील राष्ट्रांच्या अस्मितेचा भाग होता. १९०५ मध्ये स्वीडनशी असलेले संयुक्त राज्य मोडण्याच्या बेतात असताना नॉर्वेने या स्पर्धांकडे पाठ फिरवली, यावरून ते मैदान किती राजकीय होते हे ध्यानात यावे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकला हिवाळी खेळांची जोड द्यावी, ही इटालियन सदस्याची सूचना स्वीडनने फेटाळली. आपली स्पर्धा असताना दुसरी कशाला, हा त्यांचा रोकडा सवाल.

म्हणून १९२४ मध्ये समितीने शामोनीच्या सप्ताहाला केवळ आश्रय दिला, ‘ऑलिम्पिक’ हे नाव दिले नाही. माझ्या मते ही पळवाटच होती, परंतु ती यशस्वी ठरली. नॉर्वेने तेथे १७ पदके जिंकली आणि विरोधाची धार आपोआप बोथट झाली. १९२६ मध्ये लिस्बन येथील अधिवेशनात शामोनीला मागाहून पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकचा दर्जा मिळाला. अमेरिकेचा स्केटिंगपटू चार्ल्स जुट्रॉ असा दोन वर्षांनंतर ‘पहिला हिवाळी ऑलिम्पिक सुवर्णपदकविजेता’ ठरला. नॉर्डिक क्रीडास्पर्धा त्याच वर्षी अखेरच्या भरल्या.

शामोनीच्या नोंदींत आणखी एक दुरुस्ती व्हायची होती, आणि तिला अर्धे शतक लागले. नॉर्वेच्या थोर्लाइफ हौग याने तेथे तीन सुवर्णपदके पटकावली. स्की-उडीतील कांस्यपदकही त्यालाच मिळाले. चौथा होता अँडर्स हौगेन, नॉर्वेत जन्मलेला पण अमेरिकेकडून खेळणारा. १९७४ मध्ये जुन्या गुणपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा हौगच्या गुणांची बेरीजच चुकल्याचे उघड झाले. तिसरा क्रमांक हौगेनचा होता!

हौग १९३४ मध्येच निवर्तला होता. ऑस्लो येथे ८५ वर्षांच्या हौगेनच्या हाती ते कांस्यपदक सोपवले, ते हौगच्या मुलीने.