एम.एस्सी. रसायनशास्त्रात नेमके काय शिकतात?

बी.एस्सी.चा निकाल लागला की रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. एम.एस्सी. करायचे का, आणि करायचे तर कोणत्या शाखेत? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा ऐकीव माहितीवर ठरते. 'ऑरगॅनिकला नोकऱ्या जास्त', 'फिजिकलमध्ये गणित फार', 'अ‍ॅनालिटिकल सोपे' अशी वाक्ये वरच्या वर्गातील मुलांकडून ऐकायची आणि फॉर्म भरायचा. पण या निवडीवर पुढची दोन वर्षे आणि बहुतेकांची पहिली नोकरीही अवलंबून असते. म्हणून या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष काय शिकवले जाते, ते आधी समजून घ्यायला हवे.

अभ्यासक्रमाची रचना

एम.एस्सी. रसायनशास्त्र हा साधारणपणे दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांमध्ये २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणानुसार सुरू झाले. त्यात मुख्य विषयाचे अनिवार्य पेपर, ऐच्छिक पेपर, प्रात्यक्षिके, संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प असे भाग असतात. प्रत्येक भागाला ठरावीक श्रेयांक म्हणजे क्रेडिट असतात. पहिले वर्ष पूर्ण करून थांबणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळते. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी एका वर्षाच्या एम.एस्सी.ची तरतूदही धोरणात आहे.

पेपरांची नावे विद्यापीठागणिक बदलतात, पण गाभा सगळीकडे जवळपास सारखाच असतो. पहिल्या वर्षी सर्वांना भौतिक, असेंद्रिय, सेंद्रिय आणि वैश्लेषिक रसायनशास्त्र शिकावे लागते. शाखा म्हणजे स्पेशलायझेशन बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षी सुरू होते. काही विभागांत मात्र प्रवेशाच्या वेळीच शाखा ठरते.

बी.एस्सी.पेक्षा वेगळे काय?

विषयांची नावे तीच दिसतात, पण विचारले जाणारे प्रश्न बदलतात. मोरचूद निळे असते आणि तापवल्यावर पांढरे पडते, हे आपण शाळेतच पाहिलेले असते. एम.एस्सी.त त्याचे कारण इलेक्ट्रॉनच्या पातळीवर सांगावे लागते. पाण्याचे रेणू निघून गेल्यावर तांब्याच्या आयनाभोवतीची मांडणी बदलते, त्यामुळे डी-कक्षकांच्या ऊर्जेतील अंतर बदलते आणि दृश्य प्रकाशाचे शोषण जवळपास थांबते. हे अंतर किती, ते कशावरून ठरते आणि कसे मोजतात, इथपर्यंत अभ्यास जातो.

त्यामुळे केवळ पाठांतरावर बी.एस्सी.त चांगले गुण मिळवलेल्या अनेकांना पहिले सत्र जड जाते. ज्यांनी बारावीनंतर गणित सोडले, त्यांना भौतिक रसायनशास्त्रात विकलन, संकलन आणि मॅट्रिक्स यांची पुन्हा ओळख करून घ्यावी लागते. हे गणित फार वरच्या दर्जाचे नसते, मात्र ते टाळून पुढे जाता येत नाही.

पहिल्या वर्षातील चार विषय

भौतिक रसायनशास्त्रात पुंजयांत्रिकी, ऊष्मागतिकी, रासायनिक गतिकी आणि विद्युत रसायनशास्त्र येते. सुरुवात बहुधा 'पेटीतील कण' या सोप्या गणिताने होते. एखादा इलेक्ट्रॉन ठरावीक जागेत कोंडला तर त्याच्या ऊर्जेला ठरावीक किमतीच का असतात, हे त्यातून कळते. पुढे हायड्रोजनचा अणू आणि मग बेंझीनसारखे रेणू येतात. बेंझीन अपेक्षेपेक्षा जास्त स्थिर का असते, हे इथे आकडेमोड करून दाखवता येते.

असेंद्रिय रसायनशास्त्रात धातूंची संयुगे केंद्रस्थानी असतात. त्यातला एक उपयोगी नियम अठरा इलेक्ट्रॉनांचा. निकेलकडे दहा संयुजा इलेक्ट्रॉन असतात आणि कार्बन मोनॉक्साइडचा प्रत्येक रेणू दोन देतो, म्हणून निकेलला असे चार रेणू जोडले जातात. लोहाकडे आठ असतात, म्हणून पाच. क्रोमियमकडे सहा असतात, म्हणून सहा. असे नियम कुठे चालतात आणि कुठे मोडतात, हेही शिकावे लागते. हिमोग्लोबिनमधील लोह आणि ब-१२ जीवनसत्त्वातील कोबाल्ट यांचा अभ्यासही याच विषयात होतो.

याच वर्षी रेणूंची सममिती आणि ग्रुप थिअरी शिकवतात. अनेकांना सुरुवातीला याचा उपयोग कळत नाही. एक उदाहरण घेऊ. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूची चार प्रकारची कंपने असतात. त्यांपैकी दोन्ही ऑक्सिजन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत येण्याचे कंपन अवरक्त वर्णपटात दिसत नाही, पण रामन वर्णपटात दिसते. रेणूची सममिती ओळखता आली तर हे प्रयोग न करताही सांगता येते.

सेंद्रिय रसायनशास्त्रात भर असतो तो अभिक्रियांच्या यंत्रणेवर. कोणता बंध आधी तुटला, इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले, मधली अवस्था कोणती, हे बाण काढून दाखवायचे असते. त्याला जोडून त्रिमितीय रसायनशास्त्र येते. डाव्या-उजव्या हातांसारखे एकमेकांचे प्रतिबिंब असलेले दोन रेणू शरीरात वेगळे परिणाम करू शकतात. त्यामुळे औषधनिर्मितीत या भागाला फार महत्त्व आहे. हवा असलेला रेणू समोर ठेवून मागे मागे जात सोप्या कच्च्या मालापर्यंत पोहोचण्याची पद्धतही शिकवतात. ती सूत्रबद्ध करणारे ई. जे. कोरी यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वैश्लेषिक रसायनशास्त्रात मोजमाप शिकतात. मिश्रणातील घटक क्रोमॅटोग्राफीने वेगळे करणे, पाण्यातील शिशाचे प्रमाण शोधणे, आलेल्या आकड्यातील चूक किती असू शकते ते ठरवणे, ही त्यातली कामे. सांख्यिकीचा मोठा भाग याच विषयात येतो.

सगळ्यांना जोडणारा विषय: स्पेक्ट्रोस्कोपी

शाखा कोणतीही असो, स्पेक्ट्रोस्कोपी सुटत नाही. आपण बनवलेला पदार्थ तोच आहे, हे सिद्ध कसे करायचे, याचे उत्तर ती देते.

समजा एका पदार्थात तीन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन आहे. तो अ‍ॅसिटोन असू शकतो किंवा प्रोपॅनाल. दोघांचे रेणुवस्तुमान ५८. अवरक्त वर्णपटात कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची ठळक खूण दोघांतही दिसते, त्यामुळे तेवढ्यावर निर्णय करणे धोक्याचे. मग प्रोटॉन एनएमआर पाहायचा. अ‍ॅसिटोनमधील सहाही हायड्रोजन एकसारख्या परिस्थितीत असतात, म्हणून सुमारे २.१ पीपीएमजवळ एकच संकेत मिळतो. प्रोपॅनालचे तीन वेगळे संकेत येतात आणि त्यातला एक ९.८ पीपीएमच्या आसपास, अगदी बाजूला असतो. वस्तुमान वर्णपटातही अ‍ॅसिटोनचा ४३ वस्तुमानाचा तुकडा ठळक दिसतो, तर प्रोपॅनालचा २९ चा.

परीक्षेत असे प्रश्न हमखास येतात. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत हेच काम रोज होते. मुलाखतीत एक वर्णपट समोर ठेवून 'हे काय आहे?' असे विचारले, तर उमेदवाराची तयारी लगेच कळते.

प्रयोगशाळा

प्रात्यक्षिकांना अभ्यासक्रमात मोठा वाटा असतो. सेंद्रियमध्ये मिश्रणातील घटक वेगळे करून ओळखणे, दोन टप्प्यांत पदार्थ तयार करणे, तो स्फटिकीकरणाने शुद्ध करणे आणि टीएलसीने शुद्धता तपासणे. असेंद्रियमध्ये पितळेतील तांबे आणि जस्त यांचे प्रमाण काढणे, धातूंची संकुले बनवणे. भौतिकमध्ये वाहकता, विभव आणि अभिक्रियेचा वेग मोजणे.

महाविद्यालयांमधला मोठा फरक इथेच दिसतो. एनएमआर हे द्रवरूप हेलियमने थंड ठेवावे लागणारे, कोट्यवधी रुपयांचे यंत्र आहे. ते फार थोड्या ठिकाणी असते. त्यामुळे अनेक विद्यार्थी छापील वर्णपटांवरच सराव करतात. पण एचपीएलसी, यूव्ही आणि अवरक्त वर्णपटमापक ही यंत्रे विभागात आहेत का आणि विद्यार्थ्यांना ती स्वतः हाताळायला मिळतात का, हे प्रवेशाआधी विचारायलाच हवे.

दुसरे वर्ष: शाखांमधला फरक

सेंद्रिय शाखेत संश्लेषण, नैसर्गिक पदार्थ, विषमवलयी संयुगे आणि औषधी रसायनशास्त्र येते. आयबुप्रोफेनचे उदाहरण इथे आवर्जून देतात. त्याची जुनी पद्धत सहा टप्प्यांची होती आणि वापरलेल्या अणूंपैकी वजनाने फक्त सुमारे ४० टक्के अंतिम औषधात उतरत. नवी पद्धत तीन टप्प्यांची आहे आणि तिच्यात हे प्रमाण सुमारे ७७ टक्के आहे. कचरा कमी होईल असा मार्ग निवडणे, हा हरित रसायनशास्त्राचा धडा.

वैश्लेषिक शाखेत औषधे, अन्न, पाणी आणि माती यांची तपासणी, यंत्रांचे कार्य आणि पद्धतीचे प्रमाणीकरण शिकवतात. असेंद्रिय शाखेत उत्प्रेरक, घन पदार्थ, नॅनोपदार्थ आणि जैव-असेंद्रिय विषय असतात. भौतिक शाखेत पुंज रसायनशास्त्र, पृष्ठभागांचा अभ्यास, विद्युत रसायनशास्त्र आणि संगणकीय पद्धती येतात. बॅटरी, सौरघट आणि संगणकावर रेणूंचे अनुकरण करण्याचे काम या शाखेशी जोडलेले आहे.

प्रकल्प आणि प्रशिक्षण

दुसऱ्या वर्षीच्या संशोधन प्रकल्पात विद्यार्थी पहिल्यांदा असा प्रयोग करतो, ज्याचे उत्तर पुस्तकात नसते. आधीचे शोधनिबंध वाचणे, प्रयोग फसल्यावर कारण शोधणे, नोंदवही नीट ठेवणे आणि शेवटी प्रबंध लिहिणे, हे सगळे त्यात येते. काही जण हा प्रकल्प तयार प्रबंधावरून उरकतात. असे करणाऱ्याला मुलाखतीत 'उत्पादन किती टक्के मिळाले आणि कमी का मिळाले?' या साध्या प्रश्नाचेही उत्तर देता येत नाही.

पुढचे मार्ग

महाराष्ट्रात तारापूर, तळोजा, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींमध्ये रासायनिक आणि औषध कारखाने आहेत. गोव्यात वेर्णा येथेही औषधनिर्मिती होते. गुणवत्ता नियंत्रण, संशोधन आणि उत्पादन या विभागांत एम.एस्सी. झालेल्यांना काम मिळते. सेंद्रिय शाखेचे विद्यार्थी संशोधन विभागाकडे जास्त वळतात, वैश्लेषिकचे गुणवत्ता नियंत्रणाकडे. मात्र वर्णपट वाचता येणाऱ्या, यंत्र चालवता येणाऱ्या उमेदवाराला शाखेची अट आड येतेच असे नाही.

महाविद्यालयात शिकवायचे असेल तर नेट किंवा सेट द्यावी लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास, जानेवारी २०२३ पासूनच्या दराने, पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. नेटच्या पेपरात चारही शाखांचे प्रश्न असतात. त्यामुळे पहिल्या वर्षाचे विषय 'आपल्या शाखेचे नाहीत' म्हणून सोडून दिले, तर ते इथे महागात पडते.

शाखा निवडताना

फॉर्म भरण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. पहिल्या वर्षातील कोणत्या विषयाची गणिते किंवा यंत्रणा कोणी सांगितले नसतानाही सोडवावीशी वाटतात? दिवसभर प्रयोगशाळेत उभे राहून काम करायला आवडते, की आकडे आणि संगणक जास्त जवळचे वाटतात? आणि ज्या विभागात प्रवेश घेणार आहात, तिथे त्या शाखेचे शिकवणारे अनुभवी प्राध्यापक आणि चालू स्थितीतील यंत्रे आहेत का? शक्य असल्यास एक दिवस त्या विभागात जाऊन प्रयोगशाळा पाहा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना त्यांचा प्रकल्प कशावर आहे, ते विचारा.