ऑनर्स पदवी आणि गिरणगाव : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी महादेव गोविंद रानडे यांनी इतिहास व अर्थशास्त्र या विषयांत ऑनर्स संपादन केले. त्यांच्या अध्ययनास पेशवेकालीन दक्षिणा निधीतून निर्माण झालेल्या फेलोशिपचे पाठबळ होते, ही बाब लक्षणीय आहे.

करी रोड परिसरातील गिरणी कामगारांच्या मुलांना असा आधार क्वचितच लाभला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने घरोघरचा पगार थांबला आणि अनेक मुलांना शिक्षण सोडून मिळकतीचा मार्ग धरावा लागला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार पदवी तीन वर्षांत, तर ऑनर्स पदवी चार वर्षांत मिळते. ऑनर्सनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण होऊ शकते. त्यामुळे संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याचा एकूण कालावधी वाढत नाही. तथापि, ज्यास पदवीनंतर तातडीने नोकरी हवी, त्याला चौथ्या वर्षासाठी वर्षभराच्या मिळकतीवर पाणी सोडावे लागते.

सारांश, ऑनर्सची उपयुक्तता केवळ गुणवत्तेवर ठरत नाही. रानडे यांना लाभलेले विद्यावेतन गिरणगावातील विद्यार्थ्यास मिळाले, तरच ही संधी त्याच्यासाठी खरी ठरेल.